घाट चढताना पाय बधिर होतो, तेव्हा

बुलडाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. खाली मलकापूर-नांदुऱ्याकडचा सपाट पट्टा त्याच्या निम्म्याहूनही कमी उंचीवर. राजूर घाट आणि बोथा घाट हे दोन रस्ते या वरच्या-खालच्या मुलखाला जोडतात. डांबरी सोडून जरा आत वळलं की मुरमाचे चढ, बैलगाडीच्या चाकोऱ्या, नाल्यातले गोटे आणि शेताशेतांतून जाणाऱ्या पांदणी. उत्तरेला जळगाव जामोद-संग्रामपूरकडे सातपुड्याचा पायथा. माउंटन बाइकसाठी लोक जे शोधत फिरतात ते आपल्याला घराबाहेर पडल्या पडल्या मिळतं. जाड टायरच्या गिअरच्या सायकली आता तालुक्याच्या गावांतही दिसतात. भरतीची तयारी करणारी मुलं, शिक्षक, बँकेतली मंडळी, शेगावला सायकलनं जाणारे भाविक, सगळे त्यावर असतात.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतः सायकल चालवतो, त्यामुळे या मंडळींच्या तक्रारी दोन्ही बाजूंनी माझ्यापर्यंत येतात. गुडघा, कंबर, मान यांबद्दल लोक आपण होऊन बोलतात. पायाच्या मुंग्यांबद्दल मात्र विचारावं लागतं. विचारलं की बहुतेक जण सांगतात, ‘हो, घाट अर्धा झाला की चवडा झोपतो. मग पेडलवरून पाय काढून झटकतो, जातं.’ जातं म्हणून कोणी मनावर घेत नाही. पण सायकलवर मुंग्या येणं म्हणजे बहुतेक वेळा एखादी नस दाबली जाते आहे. महिनोन्महिने रोज तासभर दाबली गेलेली नस सायकल थांबवल्यावर लगेच पूर्ववत होईलच असं नाही. आणि हे दुरुस्त करणं बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांचं आणि फुकटाचं काम असतं, म्हणून ते टाळलं जातं याचं मला फार वाईट वाटतं.

पहिल्यांदा तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून काढा. बधिरपणा नेमका कुठे येतो? सुरुवात केल्यापासून किती वेळानं? आणि उतरल्यावर किती वेळात जातो? ‘पायाला’ एवढं उत्तर पुरेसं नाही. तळव्याच्या पुढच्या भागात, तिसऱ्या-चौथ्या बोटांत, पायाच्या वरच्या बाजूला, बाहेरच्या कडेला करंगळीपर्यंत, की गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूनं? प्रत्येक जागेचं कारण वेगळं असतं. जागा कळली की निम्मं काम झालं.

सर्वांत जास्त आढळतो तो चवड्याचा बधिरपणा. पायाच्या बोटांकडे जाणाऱ्या नसा चवड्यातल्या लांब हाडांच्या मधून जातात. पेडलवर आपण भार देतो तो नेमका तिथेच. बूट आडवा आवळला गेला किंवा तळ मऊ असला की हाडं एकमेकांजवळ येतात आणि मधली नस चेपली जाते. तिसऱ्या आणि चौथ्या बोटांमधली नस यात सर्वाधिक सापडते. तिथे कायम जळजळ, चालतानाही बुटात खडा असल्यासारखं वाटणं, ही त्याच दुखण्याची पुढची पायरी. तिला मॉर्टन्स न्यूरोमा म्हणतात. तिथवर जाऊ देऊ नका.

आता बुटाकडे वळा. आपल्याकडे बहुतेक जण धावण्याचे बूट घालूनच सायकल चालवतात. धावण्यासाठी ते चांगले, कारण त्यांचा तळ मऊ आणि वाकणारा असतो. सायकलवर तोच मऊपणा नडतो. पेडलची कड तळातून थेट चवड्यावर रुतते, आणि पेडल लहान असेल तर आणखी. बूट दोन हातांत धरून मधून वाकवून पाहा. सहज दुमडला तर घाटासाठी तो बूट नाही. महागडे सायकलिंगचे बूट परवडत नसतील तर कडक तळाचे साधे ट्रेकिंग बूट आणि रुंद, सपाट पेडल एवढ्यानंही बराच फरक पडतो.

मापाची परीक्षा घरीच करा. बुटातली आतली गादी बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि अनवाणी तिच्यावर उभे राहा, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन. करंगळी किंवा चवड्याची कड गादीच्या बाहेर लोंबत असेल तर बूट अरुंद आहे, लांबीला कितीही बरोबर असला तरी. माझ्याकडे येणाऱ्यांत हे इतक्या वेळा दिसतं की मी आता दुसरं काही तपासण्याआधी गादी काढायला सांगतो. अरुंद बुटाच्या वापरलेल्या गादीवर बोटांचे काळपट ठसे उमटलेले असतात. त्यातला शेवटचा ठसा अर्धाच असतो, उरलेलं बोट बुटाच्या भिंतीवर चढलेलं असतं. उन्हात, तासाभराच्या मेहनतीनंतर पाय सुजतो, तेव्हा हा बूट आणखी आवळतो. म्हणून सायकलचे बूट संध्याकाळी विकत घ्या, जे मोजे घालणार तेच घालून, आणि दोन्ही पायांचं माप घ्या, कारण दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात.

बधिरपणा तळव्यात नसून पायाच्या वरच्या बाजूला असेल तर दोष बहुतेक लेसचा. तिथे नसा कातडीच्या अगदी खाली असतात. ज्या भोकाजवळ दुखतं तेवढं एक भोक सोडून लेस पुढे ओवा. उतारावर पाय घसरू नये म्हणून लोक लेस करकचून बांधतात. पाय धरून ठेवायचं काम घोट्याजवळच्या बांधणीनं व्हावं, चवड्याजवळ ढील असू द्या.

क्लीटचे, म्हणजे तळाशी पेडलमध्ये अडकणारी पट्टी असलेले बूट वापरत असाल तर क्लीट किती पुढे आहे ते पाहा. ती बोटांकडे सरकलेली असेल तर सगळा भार एका बिंदूवर येतो. ती टाचेकडे दोन-तीन मिलिमीटर मागे घ्या, दोन-तीन वेळा सायकल चालवून पाहा, मग गरज असेल तर पुन्हा तेवढीच मागे. आधी जुन्या जागेभोवती पेननं रेघ मारून ठेवा, म्हणजे बिघडलं तर परत येता येईल. सपाट पेडलवाल्यांनी पायच थोडा पुढे सरकवावा, म्हणजे पेडलचा दांडा चवड्याच्या किंचित मागे येईल.

मग सीट. दुकानातून सायकल घेताना सीट जिथे होती तिथेच ती वर्षानुवर्षं असते, हे मी अनेकदा पाहिलं आहे. सायकल भिंतीला टेकवा, बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सर्वांत खाली आणा. पाय सरळ व्हायला हवा, आणि त्यासाठी कंबर एका बाजूला कलायला नको. मग चवडा पेडलवर आणला की गुडघ्यात आपोआप थोडा वाक राहतो. सीट फार उंच असली की पाय बोटांवर ताणला जातो आणि चवड्यावर भार वाढतो. शिवाय कंबर डावी-उजवीकडे डोलते आणि बैठकीतल्या नसा चेपल्या जातात. फार खाली असली तर गुडघा बोलायला लागतो. खडतर उतारासाठी सीट खाली घ्यावी लागते हे खरं, पण उतार संपला की ती पुन्हा वर करा. घाटात खाली केलेली सीट तशीच ठेवून तीस किलोमीटर परत येणारे खूप.

सीटमुळे बधिरपणा पायाऐवजी जननेंद्रियाच्या भागात येत असेल तर लाजून गप्प राहू नका. हे पुरुष-स्त्रिया दोघांनाही होतं. सीट फार मऊ असणं, तिचं पुढचं टोक वर उचललेलं असणं किंवा हॅन्डल फार लांब असणं ही नेहमीची कारणं. सीट आडवी समपातळीत आणा, दर दहा मिनिटांनी काही सेकंद पेडलवर उभे राहा. एवढ्यानं थांबलं नाही तर दुसरी, रुंदीला जुळणारी सीट घ्या. जेलचं जाड आवरण बसवून हे सहसा सुटत नाही, कारण मऊ आवरण हाडांखाली दबतं आणि मधे वर येतं, म्हणजे नको तिथेच दाब वाढतो.

घाट चढण्याची पद्धतही पाहा. जड गिअर, मिनिटाला चाळीस फेऱ्या आणि प्रत्येक फेरीला पूर्ण जोर, असं चालवलं तर उत्तम बुटातही चवडा झोपेल. हलका गिअर टाका, फेऱ्या साठ-सत्तरपर्यंत आणा, सपाटीवर ऐंशी-नव्वद. वेग तोच राहील, नसेवरचा प्रत्येक दाब हलका होईल. बोटं बुटात मुठीसारखी आवळली आहेत का, हे मधूनमधून आठवून तपासा. अवघड वाटेवर ती नकळत आवळली जातात.

गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाताला लागणारा हाडाचा एक छोटा उंचवटा आहे. पायाचा पंजा वर उचलणारी नस त्याच्याभोवतीच जाते. नी-गार्डचा पट्टा तिथे आवळलात, किंवा पडताना तिथे दगडाचा मार बसला, तर पोटरीची बाहेरची बाजू आणि पायाची वरची बाजू बधिर होते. पट्टा असेल तर तो वर-खाली करा. पण मारानंतर पायाचा पंजा वर उचलता येत नसेल, चालताना पाऊल जमिनीवर घासत असेल, तर तो वाट पाहण्याचा प्रकार नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

इथवरचं बहुतेक सगळं सायकल थांबली की थांबतं. थांबलं नाही तर सायकलमध्ये शोधू नका. कंबरेतून निघून मांडीच्या मागून पायात उतरणारी कळ आणि त्यासोबत अंगठ्याकडे किंवा करंगळीकडे बधिरपणा, हे मणक्यातल्या चकतीचं लक्षण असू शकतं. दोन्ही पायांत मोजे घातल्यासारखा बधिरपणा, रात्री तळवे जळणं, हे मधुमेहात दिसतं. कित्येकांना मधुमेह असल्याचं अशाच तपासणीत कळतं. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता वारंवार सापडते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांतही ती वाढते. साखर, बी-१२ आणि थायरॉइड या तीन साध्या रक्ततपासण्या आहेत. तपासणी न करता ‘ताकदीचं’ लाल इंजेक्शन टोचून घेण्याची आपल्याकडची सवय मात्र सोडा. त्यानं मूळ कारण झाकलं जातं आणि पुढची तपासणी फसवी येते.

बधिरपणासोबत लघवी अडली, शौचावरचा ताबा सुटला किंवा बैठकीचा सगळा भाग बधिर झाला, तर ती आणीबाणी आहे. मणक्यातल्या नसांचा जुडगा दबल्याची ती खूण असू शकते. तिथे तास मोजायचे असतात. सकाळपर्यंत थांबू नका.

रेस लावायची आहे?

हिवाळा आला की कुठे ना कुठे सायकल स्पर्धेची पत्रकं फिरू लागतात. आपल्याकडच्या मुलांसमोर आता उदाहरणंही आहेत. संगमनेरच्या प्रणिता सोमणनं माउंटन बाइकिंगमध्ये राष्ट्रीय पदकं मिळवली. लांब पल्ल्यात नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघानं पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्यानं पार केली. हे तिघंही डॉक्टर आहेत, हे मी मुद्दाम सांगतो. शरीराला काय सोसतं आणि काय नाही, हे समजून घेतल्याशिवाय एवढं अंतर कापता येत नाही.

लांब पल्ल्याची रस्त्यावरची सायकल आणि माउंटन बाइकची रेस हे वेगळे खेळ आहेत. बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड; २०० किलोमीटरच्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात, तिथे संयम लागतो. माउंटन बाइकची क्रॉस-कंट्री स्पर्धा १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकपासून ऑलिम्पिकमध्ये आहे. वरच्या पातळीवर ती साधारण दीड तासाची असते. पण त्या दीड तासात नाडी सतत वर, आणि उतारावर हातापायांना अखंड हादरे. बीआरएम केलेल्या माणसाला ‘मला हे सहज जमेल’ असं वाटतं आणि पहिल्या उतारावरच तो पडतो. म्हणून पहिल्या रेसमध्ये मागून सुटा. आदल्या दिवशी मार्ग पायी चालून पाहा. गोट्यांचा नाला, मुरमाचं वळण, तुरीची धसकटं कुठे उभी आहेत, हे डोळ्यांनी पाहिलेलं असावं. धसकटावर पडलेल्याची जखम लहान दिसते आणि खोल असते.

सरावाच्या जागेबद्दलही सांगायला हवं. ज्ञानगंगा आणि अंबाबरवा ही अभयारण्यं आहेत, तिथे बिबटे-अस्वलांचा वावर आहे. वनविभागाची परवानगी नसेल तर आतल्या वाटांना जाऊ नका, आणि बोथ्याच्या रस्त्यावर अंधारात एकटे थांबू नका. लोणारचं विवरही अभयारण्य आहे, शिवाय २०२० पासून रामसर स्थळ. तिथे सायकल आत उतरवायची नसते. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणी सोडून द्या. चाक आणि फ्रेमच्या मधे चिखलाचा गोळा बसला की चाक फिरत नाही आणि जोर लावला तर गिअर बदलणारा डिरेलर मोडतो. पावसाळ्यात मुरमाचे चढच बरे. पाऊस संपला की सराटे आणि बाभळीचे काटे. ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट किंवा सोबत दोन ट्यूब, यापैकी काहीतरी हवंच.

रेसच्या सकाळी पेनकिलर घेऊन उभं राहण्याचा प्रकार वाढतो आहे. कृपा करून हे करू नका. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या, अंगातलं पाणी कमी आणि दोन तासांची मेहनत, हे तिन्ही एकत्र आलं की मूत्रपिंडावर ताण येतो. गोळीनं झाकलेलं दुखणं रेसमध्ये वाढतच राहतं, तुम्हाला फक्त कळत नाही.

पडल्यावर

खरचटणं सर्वांच्या वाट्याला येतं आणि त्याची हेळसांडही सगळेच करतात. मुरमावर घासलेल्या कोपरात बारीक तांबूस कण रुतून बसतात. पिण्याच्या स्वच्छ पाण्याची बाटली पिळून धार सोडा, भरपूर, निदान पाच मिनिटं. निघत नाहीत ते कण साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ गॉझनं हळुवार पुसा. दुखेल, पण कण राहिले तर जखम चिघळते आणि कातडीखाली कायमचा काळा डाग राहतो. हळद, टूथपेस्ट, चुना, माती यांतलं काही लावू नका. धुतल्यावर स्वच्छ पट्टी पुरे. मातीत पडलेल्या जखमेनंतर धनुर्वाताची शेवटची लस पाच वर्षांहून जुनी असेल तर ती पुन्हा घ्या.

खांद्यावर पडलात आणि हात वर जात नाही, गळ्याखालच्या हाडावर उंचवटा आला, तर कॉलर बोन मोडलेलं असण्याची शक्यता मोठी. हात ओढणीनं छातीला बांधा आणि एक्स-रे काढा. पसरलेल्या तळहातावर पडलात आणि अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावरच्या खळग्यात दाबून दुखतं, तर एक्स-रे स्वच्छ आला तरी निश्चिंत होऊ नका. तिथलं छोटं हाड मोडल्याचं पहिल्या फोटोत कित्येकदा दिसत नाही. मनगट बांधून ठेवा आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढा. घोटा मुरगळला असेल तर चार पावलं टाकून पाहा. टाकता आली नाहीत किंवा घोट्याच्या हाडावर दाबून दुखलं तर एक्स-रे. तोवर कोणाकडूनही चोळून, ओढून घेऊ नका. मोडलेलं हाड ओढल्यानं शेजारची नस दुखावते, आणि मग जो बधिरपणा येतो तो बूट बदलून जात नाही.

पोटात हॅन्डलचं टोक लागलं असेल तर वरून नुसता गोल वळ दिसतो. आत यकृत किंवा प्लीहा फाटलेली असू शकते, लहान मुलांत विशेष. पोट दुखत राहिलं, चक्कर आली, डाव्या खांद्यात कळ आली, तर लगेच रुग्णालय. नडगीला मार बसून पोटरी दगडासारखी घट्ट झाली, दुखणं माराच्या मानानं फार वाढत गेलं आणि पायाला मुंग्या येऊ लागल्या, तर तेही लगेच. स्नायूंच्या आवरणात दाब वाढून रक्तपुरवठा बंद होतो, आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर स्नायू मरतात. अशा वेळी पट्टी आवळून बांधू नका, असेल तर सोडा.

मान किंवा पाठ दुखते म्हणणाऱ्याला चौघांनी हातपाय धरून गाडीत टाकू नका. आपल्याकडे मदतीला माणसं धावून येतात, हे मोठं भाग्य आहे. त्यांना फक्त सांगावं लागतं की थांबा, डोकं-मान सरळ धरून ठेवा, १०८ ला फोन करा. घाटात मोबाइलला रेंज नसते, म्हणून एकानं रेंजपर्यंत जायचं आणि एकानं जखमीजवळ थांबायचं. त्यासाठी निघतानाच किमान तिघं असावेत. जवळचा किलोमीटरचा दगड किंवा मंदिर फोनवर सांगता येईल असं लक्षात ठेवा.

डोक्याला मार लागल्यावर हेल्मेट तपासा. आतला थर्मोकोल चिरला असेल तर ते हेल्मेट संपलं, पुन्हा वापरायचं नाही. माणूस उठून ‘काही नाही झालं’ म्हणतो, पण तोच प्रश्न पुन्हा विचारतो, उलटी करतो, गुंगीत जातो, किंवा एक बाहुली मोठी दिसते, तर तडक रुग्णालय. यातलं काही नसलं तरी त्या दिवशी त्याला सायकलवर परत बसवू नका. पुढचे चोवीस तास एकटं सोडू नका, स्वतः गाडी चालवत घरी पाठवू नका. एक-दोन दिवस विश्रांती, मग हलकं चालणं, मग सपाटीवर निवांत सायकल. प्रत्येक पायरीला एक दिवस द्या. डोकं दुखलं तर एक पायरी मागे या. पांदण आणि उतार सर्वांत शेवटी, तेही डॉक्टरांनी होकार दिल्यावर.